उजव्या कानाची वायर

सीडी प्लेयर आला तो तीन शेपट्या घेऊन,
पिवळी, पांढरी, लाल.
आमच्या टीव्हीच्या पाठीला भोकं दोनच.

आईनं युनूस पिंजारीला बोलावलं.
त्याच्या बापानं दोंडाईच्यात घरोघर गाद्या पिंजल्या,
हा रेडिओ उसवायचा.
म्हणाला, भाभी, घाबरायचं काय त्यात,
रंग बघायचा नि रंगात रंग घालायचा.
पिवळीतून चित्र येतं. आधी हळद, मग बाकीचं लग्न.
पांढरी डाव्या कानाची,
लाल उजव्या कानाची.
आणि तुमचा टीव्ही,
त्यानं टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली,
एका कानाचा आहे.

तशी लाल लोंबत राहिली.
काही गाण्यांत बाई गायची
आणि पुरुषाचे नुसते ओठ हलायचे.
आम्हाला वाटायचं, लाजतोय.

आबांनी लाल वायरच्या तोंडाला निळ्या पेनचं टोपण घातलं.
धूळ जाईल म्हणाले.
मिरचीच्या पथारीवर तोलणार होते ते.
शर्ट लाल, नखं लाल, कानामागचा घाम लाल,
दारात आले की आम्ही ओळीनं शिंकायचो.
आणि त्यांचा तो खोकला,
दोनदा कोरडा, मग थांबून एकदा खोल,
जसा काटा हलून हलून
शेवटी जागेवर बसतो.

माझ्या लग्नाची शूटिंग भिकन कुंभारनं केली.
तीन सीड्या. कव्हरवर मी नि ते, गुलाबाच्या फुलात.
आबा त्यात कुठेच नाहीत.
एकदा पाठ दिसते, हातात बादली,
तीही कडेला कापलेली.
ते गेल्यावर आई ती पाठ बघायची.
अंगठा रिमोटवर तयार ठेवून,
पाठ आली की थांबवायची.

यंदा सुरतहून टीव्ही नेला,
आमचाच वापरलेला, पण दोन कानांचा.
युनूसभाईंना आता बारीक दिसत नाही,
दुकानात पोरगा मोबाईलच्या काचा बदलतो.
म्हणून मीच शिरले भिंत आणि टीव्हीच्या मधे,
बॅटरी हनुवटीखाली धरून.
पिवळीत पिवळी. पांढरीत पांढरी.
टोपण निघेना, दातांनी ओढलं.
आतली पिन कोरी,
दुकानातून आत्ता आणल्यासारखी.
बाकी दोघींना हिरवट गंज.

डावीकडे तोच बँड, एकोणीस वर्षं पाठ झालेला.
उजवीकडे पहिल्यांदाच भांडी वाजली.
भिकननं दुसरा माईक
वाढप्यांच्या बांबूला का बांधला होता, त्यालाच ठाऊक.
बादल्या. कुणाचं तरी पोर रडतंय.
वांग्याच्या भाजीवरून कुणीतरी आचाऱ्याशी भांडतंय.
आणि मग
दोनदा कोरडा,
थांबून एकदा खोल.

आईच्या हातातली मेथीची काडी हातातच.

"बट्टी सरनी का रे?
सरू दे. बठासले जेवू द्या पहिले.
मी मांगथून जेवसू."

पडद्यावर तेव्हा आम्ही हार धरून उभे,
माझं नाक पुसायचं राहिलेलं.
आवाज मात्र कपाटाच्या अंगानं आला,
आणि आई कपाटाकडेच बघत होती.

जेवले नव्हते त्या दिवशी, ती म्हणाली.
मला सांगितलं, जेवलो, दोन बट्ट्या खाल्ल्या.
दोन. आकडासुद्धा सांगितला.

मग बराच वेळ बँड वाजत राहिला,
नवरदेवाचे मित्र नाचत राहिले,
मी टोपण बोटांत फिरवत बसले,
ते पेन कुणाचं होतं ते आठवत.

आईनं मेथीचं ताट बाजूला सारलं.
म्हणाली, पुन्हा मागे घे.
आणि ती पांढरी
थोडा वेळ काढून ठेव.